रामदास बोटीतला एक माणूस कमी

आत्ये, तू जाऊन सोळा दिवस झाले आणि या सोळा दिवसांत मी कुणाशी वाद घातलेला नाही. घरात आता सगळ्यांना त्याचीच काळजी. काल सुमन म्हणाली, "अहो, निदान पेपरावर तरी चिडा." पण वादाला समोर माणूस तुझ्यासारखं लागतं. हरायला आलीस की सूप पुढं ओढून तांदूळ निवडायला घ्यायचीस, आणि जिंकायला आलीस तरी सूपच पुढं ओढायचीस. त्यामुळं कोण जिंकलं हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नाही.

खरं सांगतो, मी फार रडलो नाही. लोकांना वाटलं, मास्तर घट्ट मनाचा. तसं काही नाही. त्या दुपारी तू जेवून ओटीवर कलंडलीस, सुमन हाक मारून थकली आणि मला शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा पायरीवरच माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बरं झालं, वेळेत सांगितलं. आधी हे आलं आणि मग तू गेल्याचं दुःख आलं. हा क्रम बरोबर नाही हे मला कळतं, पण आला तो असा आला.

मी दोन वर्षांचा असताना तू माहेरी परत आलीस आणि इथलीच झालीस. बाबांची धाकटी बहीण, वय एकवीस, कपाळ मोकळं. मला आई होती आणि शिवाय आत्या होती, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तू सासरी का राहत नाहीस हा प्रश्न मला चौथीत गेल्यावर पडला. उत्तर सगळ्यांच्या तोंडात तयार होतं. "आत्याचा माणूस रामदासात गेला."

रामदास म्हणजे रामदास बोट. स्वातंत्र्याच्या आदल्या महिन्यात, दिव्यांच्या अवसेला मुंबईहून रेवसला निघालेली आणि रेवस गाठायच्या आत भर पावसात बुडालेली. शेकडो माणसं गेली. आपल्याकडे ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना पानिपताचं साल आठवत नाही, पण रामदास आठवते.

पुढं मी शिकलो, पालीच्या शाळेत इतिहास शिकवायला लागलो, आणि मास्तर झाल्यावर माणसाला जो रोग जडतो तो मला जडला. जिथं तिथं पुरावा. आतोबांच्या बाबतीत पुरावा म्हणशील तर एवढाच होता: मुंबईत गिरणीच्या बाजूला आपल्या गावची एक खोली होती, तिथं वीसेक चाकरमानी पाळीपाळीनं झोपायचे. त्यातल्या एकानं गणपतीत येऊन सांगितलं, की त्या गुरुवारी सकाळी ते गाठोडं घेऊन बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. बस. पुढच्या गणपतीत त्या गोष्टीतल्या गाठोड्यात तुझ्यासाठी लुगडं आलं. चार-पाच वर्षांनी कुणीतरी त्यांना धक्क्यावर उभं पाहिलेलं निघालं. मी कॉलेजात पोचेपर्यंत तर त्यांनी बुडता बुडता एका बाईचं पोर डोक्यावर धरलं होतं. मी म्हणायचो, "आत्ये, दर वर्षी नवा साक्षीदार कसा मिळतो?" आणि तू म्हणायचीस, "तुझ्या इतिहासातबी असंच असंल."

"पण रत्नागिरीचा माणूस रेवसला कशाला जाईल?"

"पावसात रत्नांग्रीची बोट बंद असायची, मास्तर. मग रेवसवरनं गाडी धरनार नाय तर काय उडत येनार?"

यात तुझं बरोबर होतं, हे तेव्हा मी कबूल केलं नाही. आता करतो.

दीड वर्षापूर्वी टायटॅनिक सापडल्याची बातमी आली, तेव्हाचा आपला वाद सगळ्यात मोठा. मी पेपर वाचून दाखवत होतो. समुद्राच्या तळाशी, दोन मैलांहून खोल, त्र्याहत्तर वर्षांनी सापडली. तू विचारलंस, "कोन शोधत व्हतं एवढी वर्षं?" मी म्हटलं, मोठमोठे शास्त्रज्ञ, पैसेवाले. "आणि आमची कोन शोधतंय?" म्हणालीस आणि तांदळातला खडा अंगणात भिरकावलास.

मग मी माझी वही काढली. बुडालेल्या बोटींची वही ठेवणारा मास्तर जिल्ह्यात मी एकटाच असेन. मी तुला सांगितलं, की जगात टायटॅनिकहून मोठे अनर्थ झालेत. दुसऱ्या महायुद्धात निर्वासितांनी खच्चून भरलेलं एक जर्मन जहाज गेलं, त्यात टायटॅनिकच्या कितीतरी पट माणसं मेली, त्याचं नाव विचारलं तर आमच्या हेडमास्तरांनाही सांगता यायचं नाही. आपल्याकडे रामदासाच्या वीस वर्षं आधी जयंती आणि तुकाराम बुडाल्या, त्यांची नावं म्हातारी माणसं जोडीनं घेतात, तरण्यांना तीही ठाऊक नाहीत. टायटॅनिकच का लक्षात राहिली? तर ती नवीकोरी होती, पहिल्याच फेरीला निघाली होती, तिच्यात श्रीमंत होते आणि ती बुडणार नाही अशी हवा झाली होती. मी अगदी वर्गात सांगावं तसं बोटांवर मोजत सांगितलं.

तू सगळं ऐकून घेतलंस. म्हणालीस, "तसं नाय. ज्या बोटीतली थोडी वाचतात ती लक्षात ऱ्हाते. सगळीच मेली तर सांगनार कोन?"

एवढी वही भरून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टायटॅनिकची वाचलेली माणसं जन्मभर बोलत राहिली. रामदासातून पोहून बाहेर आलेलेही गावोगाव सांगत फिरले. पण मास्तराला गप्प बसवलं की तो वंगाळ बोलतो. मी म्हटलं, "ते असेल. पण रामदासाचं आणखी एक कारण आहे. ती बुडाल्यावरसुद्धा तिच्यात माणसं चढतायत. आपल्या पंचक्रोशीत बघ, वाडीवाडीत एकेक आहे. ज्याचा माणूस मुंबईत हरवला त्यानं तो रामदासात नेऊन बसवला. एवढी माणसं त्या बोटीत मावली तरी असती काय?"

तू सूप तसंच टाकून उठलीस. तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. चौथ्या दिवशी मी जेवायला बसलो असताना आमटी वाढता वाढता म्हणालीस, "मना काय त्यांना बोटीत बसवायची हौस हाय? मी बोलावलं म्हनून बसले ते."

ते कार्डाचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या आषाढात तुझ्या सासरी लावणीला माणूस नव्हतं, सासूचा पाय सुजलेला. बाबा तुला भेटायला आले होते. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून तू सांगितलंस आणि बाबांनी लिहिलं आणि पालीला टपालात टाकायला कार्ड बरोबर घेऊन गेले. त्यातला शब्द न् शब्द तुला पाठ होता. 'लावणीला माणूस नाही. सासूबाईंचा पाय सुजला आहे. गिरणीत रजा टाकून अवसेच्या आत या.' आरती म्हणावी तसं तू ते सपाट आवाजात म्हणालीस आणि आमटीचं भांडं घेऊन आत गेलीस.

मग मला एकेक आठवत गेलं. तू कधी कुणाला 'ये' म्हणत नव्हतीस. मी रत्नागिरीला वसतिगृहात होतो, तेव्हा आई निरोप पाठवायची की शनिवारी ये, आणि तू वाटेपर्यंत येऊन म्हणायचीस, "त्याच्या मनात असंल तर येईल, नाय तर नाय." मला वाटायचं, आत्याची माया कमी. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनाला आपण रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा मी हौसेनं तुला मिरकरवाड्याला नेलं. बंदरात ट्रॉलर दाटीनं उभे, मासळीचा लिलाव चाललेला, बायका टोपल्या घेऊन भांडतायत. तू समुद्राकडं पाठ करून बसलीस. जरा वेळानं एका ट्रॉलरवरचं रंगवलेलं नाव मला वाचायला लावलंस आणि विचारलंस, "ही बुडली तर पेपरात येतं?" मी म्हटलं, येतं, चार ओळी. "माणसांची नावं?" कधी येतात, कधी नाही. "मग चल," म्हणालीस. मला वाटलं, हिला वासानं मळमळतंय.

आता मुद्द्याचं. वैशाखात आपण कौलं चाळायला घेतली, तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली काढावं लागलं. बाबांनी बांधून ठेवलेलं जुन्या पंचांगांचं गाठोडं निघालं. आपल्या घरात चालू सालचं पंचांग म्हणजे टपालपेटी, कपाट आणि वैद्याची पेटी, सगळं एकच. चिठ्ठी आली की पंचांगात, औषधाची पुडी पंचांगात, बियाण्याची याद पंचांगात. आणि वर्ष संपलं की ते देवाधर्माचं पुस्तक म्हणून जाळायचं नाही, रद्दीत घालायचं नाही, एखाद दिवस नदीत सोडू म्हणून बांधून वर. तो एखाद दिवस बाबांच्या हयातीत आला नाही.

गड्यानं गाठोडं खाली टाकलं तेव्हा ते फुटलं. पंचांगं गोळा करताना त्या सालच्या पंचांगातून, आषाढाच्या पानातून, एक पोस्टकार्ड खाली पडलं. बाबांचं अक्षर. पहिली ओळ, लावणीला माणूस नाही. मी ते उलटसुलट केलं. पत्त्याच्या बाजूला राजाचं डोकं छापलेलं, स्वच्छ. टपालाचा शिक्का कुठंही नाही. कार्ड घरातून बाहेर पडलंच नव्हतं.

बाबांनी ते वाटेत भिजू नये म्हणून पंचांगात घातलं असेल, त्या दिवशी वहाळाला पूर आला असेल, पालीला जाणं झालं नसेल, मग विसरले असतील. आणि मग रामदासाची बातमी आली. त्यांना पुढं कधी आठवलं की नाही, कोण जाणे. घरात रामदासाचा विषय निघाला की बाबा उठून गोठ्यात जायचे, एवढं मला आठवतं. मी ते बहिणीचं दुःख बघवत नाही म्हणून समजत होतो. कदाचित तेवढंच असेल. आता विचारायला तुम्ही दोघंही नाही.

आणि आता जे तुला सांगितलं नाही ते सांगतो. मी ते कार्ड तुला लगेच दाखवलं नाही. अठरा दिवस माझ्याजवळ ठेवलं, शाळेच्या कपाटात, कुलपात. तुला वाटलं असेल, माळा आवरताना त्याच दिवशी सापडलं आणि मी, तुझ्या बाल्यानं, धावत आणून दिलं. तसं नाही. सगळा जन्म मी तुझ्याशी 'ते रामदासात नव्हते' म्हणून भांडलो, आणि हातात पुरावा आल्यावर माझी वाचा बसली. कारण कार्ड गेलं नाही म्हणजे लावणीचं बोलावणं गेलं नाही. मग ते गाठोडं घेऊन निघाले कुठं? रामदासात गेलेल्या माणसाची बायको म्हणून तुला गावात मान होता. अवसेला घरी दिवा लागायचा. तो मान काढून मी तुला काय देणार होतो, टाकलेली बाई हे नाव? बाबांना आठवलं असेल तर तेही इथंच अडले असतील. त्या अठरा दिवसांत मला पहिल्यांदा माझ्या बापाबद्दल राग न येता दया आली.

तू तेवढे अठरा दिवस जास्तीचे सोसलेस ते माझ्यामुळं. त्याबद्दल मला माफ कर.

एकोणिसाव्या दिवशी तू अंगणात कोकमं फोडत बसली होतीस, बोटं लालबुंद. मी शेजारी बसलो आणि कार्ड वाचलं. तू आपली ती पाठ केलेली ओळ माझ्याबरोबर पुटपुटलीस आणि मग थांबलीस.

"हे कुटं गावलं?"

मी सांगितलं.

"शिक्का नाय?"

"नाही."

"चष्मा लाव नि बघ."

मी चष्मा लावून बघितलं. मग तू कोकमाच्या हातानंच कार्ड घेतलंस आणि राजाच्या डोक्यावरून अंगठा फिरवलास. तो लाल ठसा अजून तिथं आहे. मी काहीतरी बोलायला गेलो, की याचा अर्थ असा नाही, तसाही नाही, आणि माझं वाक्य काही पुरं होईना. तूच पुरं केलंस.

"म्हंजे ते कुटंतरी ऱ्हायलेबी असतील. दुसरं घर केलं असंल."

"असेल."

"नायतर दुसऱ्याच कामाला निघाले नि बसले असतील त्याच बोटीत."

"तसंही असेल."

तू चार-पाच कोकमं फोडलीस. मग म्हणालीस, "गेले असले तर आपल्या पायानं गेले. ऱ्हायले असले तर आपल्या पायानं ऱ्हायले. मी नाय बोलावलं." पुन्हा म्हणालीस, "मी नाय बोलावलं." मी मान हलवली. तुला रडू येईल म्हणून मी सुमनला हाक मारायच्या बेतात होतो, तर तू एवढी मोठी जांभई दिलीस की कुत्रं उठून बसलं. कोकमं तशीच टाकून ओटीवर जाऊन आडवी झालीस. तिन्हीसांजेपर्यंत झोपलीस. सुमन दोनदा येऊन श्वास चालतोय ना बघून गेली.

आणि उठल्यावर काय झालं तुला, आत्ये? त्या पावसात तू निम्म्या जिल्ह्याला आवतण धाडलंस. लोट्याच्या कारखान्यात पाळीवर असणाऱ्या माझ्या भावाला एस.टी.च्या कंडक्टरबरोबर सांगावा, लावणीला ये. तो बिचारा घाबरून आला, त्याला वाटलं, आत्या आजारी. माझ्या बहिणीला सासरहून बोलावलंस, तिच्या नणंदेलाही बोलावलंस. गणपतीत आपल्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तू चुलीपाशी बसून मलाच विचारत होतीस, "एवढ्या लोकांना कोनी बोलावलं?" त्याच गणपतीत एकदा तू मला बाजूला घेतलंस. म्हणालीस, "मी गेल्यावर कुनी रामदास काढली तर गप ऱ्हाऊ नको. खरं काय ते सांग. तुला हौस हाय ना खरं सांगायची?"

आठ महिने. कुणी म्हणेल, आयुष्यभराच्या बदल्यात आठच महिने मिळाले. मी तसा हिशोब करत नाही. ते कार्ड तू गेल्यावर सापडलं असतं तर, एवढाच विचार मी करतो आणि मग मला बरं वाटतं.

बाराव्याला भटजींनी पिंडासाठी नावं विचारली. तुझं झालं, सासूबाईंचं झालं. मग आतोबांचं नाव घेऊन ते स्वतःच म्हणाले, "यांची तिथी आषाढी अवस. रामदासातले ना हे?" मांडवात बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

मी म्हटलं, "तिथी ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"ते कधी गेले, कुठं गेले, गेले की नाही, काहीच ठाऊक नाही. आत्यानं असंच सांगायला सांगितलंय."

मागं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मंजी टाकून गेला?" मी वळून बघितलं नाही. जन्मभर मला सगळं ठाऊक होतं, आणि चार माणसांत 'ठाऊक नाही' म्हणायला मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. भटजींना मात्र त्यात काही जड वाटलं नाही. दर्भाची काडी सरळ करत म्हणाले, "मग सर्वपित्रीला घालू. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांना ती असतेच." आणि पुढचं सुरू केलं.

पानं उठल्यावर माणसं पांगली. खालच्या वाडीतली भागीरथी, जी तुझ्याबरोबर लावणीला असायची, ती मागं राहिली. हात धुऊन पदराला पुसत बराच वेळ उभी होती. मी विचारलं, "काय काकी?"

"मास्तर, आमच्या सासऱ्यांचं पन आमी त्याच अवसेला घालतो. ते पन रामदासात गेले म्हनतात. पैलं कुनी सांगितलं, ठावक नाय. सासू मरंपर्यंत बोलत व्हती, म्याच सांगावा धाडलेला." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "तिचा जीव काय सुखानं गेला नाय. अवंदा सासऱ्यांचं सर्वपित्रीला घातलं तर चालंल काय?"

"घाला," मी म्हटलं.